जुन्या हिमालयनला नवे शॉकअप? आधी एक केबल टाय लावा

भांडुपहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

‘माझ्याकडे २०१७ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकल आहे, एबीएस नसलेली. ६२ हजार किलोमीटर झाले. माझं वजन ८२ किलो. रोज भांडुप ते बीकेसी, आणि महिन्यातून एक-दोनदा बायकोला घेऊन माळशेज किंवा भंडारदरा. गेलं वर्षभर पुढचे शॉकअप त्रास देताहेत. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. खड्ड्यात धाडकन बसते. ८० च्या पुढे हँडल हलकं लागतं. डिस्कच्या बाजूचा शॉकअप गळतो, सील दोनदा बदललं तरी गळतो. एक गॅरेजवाला म्हणतो, अपघातातल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचे उलटे शॉकअप (जाड नळी वर, चकचकीत पाइप खाली) टीसकट, म्हणजे ते धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांसकट, मिळताहेत, एका दिवसात बसवून देतो. घेऊ का? चाकही बदलावं लागेल का? आरटीओचं काय? आणि पावसाळ्याआधी हे उरकेल का?’

नमस्कार. त्या गॅरेजवाल्याला आगाऊ पैसे दिले नसतील तर देऊ नका. तुमच्या चार तक्रारी आहेत आणि चारहींवर तुम्हाला एकच औषध सांगितलं गेलंय. खरं तर गळती हा एक आजार, नाक खाली जाणं आणि धाडकन बसणं हा दुसरा, आणि हँडल हलकं होणं बहुधा तिसराच. दुसऱ्या गाडीचे शॉकअप लावून यातला कुठला बरा होईल आणि कुठला बळावेल, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला लागतं काय, तर एक केबल टाय, मोजपट्टी, हाताशी एक मित्र आणि रविवारची अर्धी सकाळ.

हँडलपासून सुरू करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकूड किंवा जॅक देऊन पुढचं चाक हवेत आणा. आता एका बोटाने हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. गाडी सरळ चालते त्या मधल्या जागी बारीक खाच लागल्यासारखं हँडल किंचित अडखळलं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. खड्ड्यातला प्रत्येक दणका कोनसेट झेलतो, आणि सरळ चालताना तो वाटीच्या त्याच त्या जागेवर बसतो, म्हणून खळगा मधोमधच पडतो. मग शॉकअपच्या बाटल्या (खालच्या जाड नळ्या) खालून दोन्ही हातांनी धरून मागेपुढे ओढा. खुट्ट असं काही जाणवलं तर कोनसेट सैल आहे किंवा शॉकअपचे बुश (पाइप ज्यांत सरकतो त्या कड्या) झिजलेत. डावा अंगठा वरच्या टीच्या आणि हेड पाइपच्या (फ्रेमच्या तोंडाची, कोनसेट बसतो ती नळी) फटीवर ठेवून ओढलंत की हालचाल वर आहे की खाली ते लगेच समजतं. पुढच्या टायरचे ठोकळे एका बाजूने झिजून पायऱ्या पडल्यात का तेही हात फिरवून बघा. आणि मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, तपासा. दोघं बसल्यावर गाडीचं मागचं अंग खाली बसत असेल तर पुढचं उचललं जातं, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि हँडल हलकं लागतं. हे दुखणं मागच्या प्रीलोडच्या दोन-तीन घरांत सुटू शकतं.

गळतीकडे या. सील दोनदा बदलूनही गळतंय म्हणजे दोष सीलचा नाही, बहुधा पाइपचा आहे. हिमालयनच्या पाइपांवर रबरी बूट असतात. ते धूळ अडवतात, पण पावसात आत शिरलेलं चिखलाचं पाणी तिथेच धरून ठेवतात, आणि मुंबईच्या खारट हवेत त्या ओलाव्याला क्रोम पोखरायला फार दिवस लागत नाहीत. बूट वर सरकवा, पाइप पुसून कोरडा करा आणि नखाची कड वरून खाली ओढत आणा. नख कुठेही अडलं तर तिथे खड्डा आहे, आणि सीलची ओठासारखी कड त्या खड्ड्यावरून रोज शेकडो वेळा घासली जातेय. खड्डा सील पोचतच नाही अशा वरच्या भागात असेल तर १५०० नंबरच्या पेपरने कडा मारून चालवता येईल. फिरतीच्या पट्ट्यात असेल तर पाइप बदला किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या. पाइप काढलाच आहे तर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने वाक मोजून घ्या. ०.२ मिमीच्या पुढे वाक असलेला पाइप ठेवू नये. नवं सील बसवताना पाइपच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून धरा, नाहीतर टोकाची धार सीलचा ओठ पहिल्याच क्षणी कापते आणि दोष कंपनीच्या मालाला जातो.

आता केबल टाय. बूट वर बांधून ठेवा आणि पाइपावर डस्ट सीलला टेकून एक केबल टाय लावा, हाताने सरकेल इतपतच घट्ट. चाक हवेत असताना डस्ट सीलपासून खालच्या टीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. मग गाडी जमिनीवर घ्या, हेल्मेट-जॅकेटसकट नेहमीच्या पद्धतीने बसा, मित्राला मागून गाडी सरळ धरायला सांगा, पाय फूटपेगवर ठेवा. पुढचं अंग एकदा दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा. मग किंचित उचलून हळूच बसू द्या आणि पुन्हा मोजा. सीलच्या घर्षणामुळे दोन आकडे वेगळे येतील, सरासरी घ्या. हवेतल्या आकड्यातून ही सरासरी वजा केली की उरतो तो तुमचा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाखाली शॉकअप किती बसला ते. हिमालयनची पुढची चाल, म्हणजे शॉकअप एकूण जितका दबू शकतो ते अंतर, २०० मिमी. तिच्या साधारण ३० ते ३५ टक्के, म्हणजे ६० ते ७० मिमी सॅग हवा. केबल टाय नंतर तसाच राहू द्या आणि नेहमीच्या रस्त्याने बीकेसीला जाऊन या. तो किती वर ढकलला गेला त्यावरून चाल खरोखर संपते की धाडकन आवाज दुसऱ्याच कशाचा येतो, ते कळेल.

तुमच्या वर्णनावरून सॅग ९० मिमीच्या आसपास निघेल असा आमचा अंदाज आहे. इथे गॅरेजमध्ये हमखास एक उपाय होतो: वरचं झाकण उघडून स्प्रिंगवर वॉशर किंवा पाइपचा तुकडा टाकतात आणि ‘शॉकअप कडक केला’ म्हणून सांगतात. सरळ वळ्यांची स्प्रिंग वॉशरने कडक होत नाही. २० मिमीचा तुकडा टाकला की गाडी २० मिमी वर उभी राहील, बास. त्यानंतर प्रत्येक मिलिमीटर दाबायला पूर्वीइतकंच वजन पुरेल, ब्रेकवर नाक तितकंच खाली जाईल, आणि वर खड्ड्यात चाक खाली सोडायला लागणारी चालही २० मिमीने गेली. स्प्रिंग कडक व्हायची तर तिची तार जाड हवी, वळ्यांचा व्यास कमी हवा किंवा चालणारी वळी कमी हवीत. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: ४ मिमीऐवजी ४.२ मिमीची तार, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग २१ टक्क्यांहून जास्त कडक. वळी कापूनही कडकपणा वाढतो, ४० पैकी ४ वळी कापली तर ११ टक्के, पण कापलेलं टोक सपाट घासलं नाही तर ते पाइपची आतली भिंत खरवडतं आणि तो चुरा ऑइलमधून थेट सीलकडे जातो. त्यापेक्षा तुमच्या वजनाची स्प्रिंग मागवा.

किती कडक, याचा हिशेब घरच्या वजनकाट्यावर होतो. पुढचं चाक काट्यावर ठेवा, मागच्या चाकाखाली तितक्याच जाडीची फळी द्या, सामानासकट बसा. समजा काटा १३६ किलो दाखवतो. त्यातून चाक, डिस्क, बाटल्या असं स्प्रिंगच्या खालचं १९ किलो वजा करा. उरले ११७, एका पायावर साडेअठ्ठावन्न. शॉकअप तिरके असल्यामुळे त्यांच्या रेषेत त्यातलं सुमारे ५२ किलो येतं. स्प्रिंग बसवतानाच १५ मिमी दाबलेली असेल आणि ती मिलिमीटरला अर्धा किलो अशी असेल, तर ती एकूण १०४ मिमी दबेल, म्हणजे सॅग ८९. सॅग ६५ हवा असेल तर एकूण दाब ८० मिमी, म्हणजे स्प्रिंग ०.६५ किलोची. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजा. जुनी स्प्रिंग मोजायची तर ती आतल्या बाजूने एका सळईवर ओवून ड्रिल मशीनच्या टेबलावर काट्यावर उभी करा, २५ मिमी दाबा आणि काटा वाचा. १४ किलो आले तर ती ०.५६ ची.

ऑइलचं वेगळं सांगायला हवं, कारण स्प्रिंग बदलून ऑइल जुनंच ठेवणारे बरेच आहेत. तुमच्या शॉकअपमध्ये साधी भोकं असलेली डॅम्पर नळी आहे. भोकातून ऑइल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ब्रेकवर शॉकअप सावकाश दबतो तेव्हा ही भोकं जवळपास काहीच अडवत नाहीत, आणि पेव्हर ब्लॉकच्या उभ्या कडेवर किंवा उड्डाणपुलाच्या सांध्यावर तो झटक्यात दबतो तेव्हा तीच भोकं दगड होतात. म्हणून जाड ऑइल घातलं की नाक जाणं कमी होतं आणि मनगटं दुखायला लागतात. यावर उपाय आहे तो नळीच्या डोक्यावर बसणाऱ्या झडपेचा, ज्याला इम्युलेटर म्हणतात. त्यासाठी नळीची खालची भोकं मोठी करून ८ मिमीची सहा करतात, म्हणजे नळीचा अडथळा संपतो आणि नियंत्रण झडपेकडे जातं. भोकांच्या कडा आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करायच्या आणि झडपेच्या उंचीइतका वरचा स्पेसर कापायचा. हे दुसरं विसरलं की प्रीलोड नकळत वाढतो. ऑइल भरताना पायागणिक मिलिलिटर मोजून थांबू नका. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, आणि पाइपच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर दोन्ही पायांत मिलिमीटरला मिलिमीटर सारखं. मॅन्युअलातल्या अंतरापासून सुरुवात करा. शेवटी धाडकन बसत असेल तर एका वेळी १० मिमीने ऑइल वर आणा. वरची हवा कमी झाली की ती शेवटच्या टप्प्यात लवकर घट्ट होते. डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’वर विसंबू नका. तो आकडा कंपनीगणिक बदलतो, ४० अंशांवरचा सेंटिस्टोक्सचा (ऑइलच्या दाटपणाचा) आकडा बघून तुलना करा.

कोनसेट, पाइप, सील, बुश, वजनाची स्प्रिंग, ताजं ऑइल आणि झडप. एवढं केल्यावर भांडुप-बीकेसी आणि माळशेज यांच्यासाठी या गाडीला आणखी काही लागेल असं आम्हाला वाटत नाही. हे काम एका शनिवारी होतं, आणि गाडीच्या मूळ भूमितीला हात लागत नाही.

तरीही उलट्या शॉकअपचं मन असेल तर ३९० अ‍ॅडव्हेंचरचे नकोत. २०२० ते २०२४ च्या त्या पिढीला पुढे १९ इंची चाक आणि १७० मिमी चाल आहे. गाडीचं वजन सुमारे १७७ किलो, तुमची १९० च्या पुढची, म्हणजे स्प्रिंग तुमच्यासाठी पुन्हा मऊच. पण खरी अडचण उंचीची आहे. ९०/९० च्या २१ इंची टायरची त्रिज्या जवळपास ३४८ मिमी, १००/९० च्या १९ इंचीची ३३१. इथेच गाडीचं नाक १६-१७ मिमी खाली. चाल ३० मिमीने कमी, म्हणजे शॉकअपची लांबीही तेवढी कमी धरली तर एकूण सुमारे ४५ मिमी. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४६५ मिमीच्या आसपास, तेव्हा पुढचं अंग दर २५ मिमी खाली गेलं की हेड पाइपचा कल सुमारे एक अंशाने उभा होतो. ४५ मिमीला पावणेदोन अंश. लहान चाक आणि उभा कल मिळून ट्रेल साधारण २० मिमीने घटतो. हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीला जिथे भेटते आणि टायर जिथे टेकतो, त्यांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाकाला सरळ रेषेत ओढून धरतं ते हेच. तुमचं हँडल ८० ला हलकं लागतंय, आणि हा बदल त्याला आणखी हलकं करणार. शिवाय इंजिनखालची मोकळी जागा गेली ती वेगळीच.

चाक बदलावं लागेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. केटीएमच्या शॉकअपमध्ये तुमचं २१ इंची चाक अडकवायचं तर एक्सलची जाडी, दोन्ही बाजूंचे स्पेसर, डिस्कची जागा आणि कॅलिपरचे कान, यातलं काहीही जुळायची हमी नाही, आणि मोठं चाक कमी जागेत फिरवताना पूर्ण दाबावर ते वर कुठे आदळतं हा प्रश्न उरतोच. म्हणून दाता निवडायचा तर मूळ चाल आणि चाक सारखं असलेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयन ४५० ला ४३ मिमीचे उलटे शोवा शॉकअप आहेत, चाल २०० मिमी, चाक २१ इंच. भूमितीच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा हाच. या शॉकअपमध्ये स्प्रिंग एका पायात आणि डॅम्पिंग दुसऱ्या पायात असतं, त्यामुळे एकच पाय कुणी स्वस्तात देऊ केला तर तो निरुपयोगी आहे. काही जण हिरो एक्सपल्सच्या २५० मिमी चालीच्या शॉकअपकडे बघतात. तो पाइप ३७ मिमीचा आहे, तुमचा ४१ चा. नळीची भिंत तेवढीच धरली तर ताठपणा व्यासाच्या घनाने बदलतो, म्हणजे तुम्ही पाव हिस्सा ताठपणा घालवून ५० मिमी उंची विकत घेता.

पूर्ण संच घ्या: दोन्ही पाय, वरचा आणि खालचा टी, एक्सल, स्पेसर, चाक, डिस्क, कॅलिपर, ब्रेकचा वरचा सिलिंडर, नळी, मडगार्ड. ४३ हा उलट्या शॉकअपच्या खालच्या चकचकीत नळीचा व्यास असतो. टीमध्ये धरली जाणारी वरची नळी त्याहून बरीच जाड, म्हणून जुना टी ठेवून नुसते पाय बदलणं शक्य नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठेही अपघातातला माल घेताना बिल आणि मूळ गाडीचा नंबर लिहून घ्या, चोरीचा भाग निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. एक्सल जाड काचेवर लोळवून बघा, डुगडुगला तर परत करा. दोन्ही पाय टीमध्ये घट्ट करून त्यांच्यावर आडवी काच ठेवा. चारही टोकं टेकली नाहीत तर टी पिळलेला आहे, आणि पिळलेला टी सरळ करून घ्यायच्या भानगडीत पडू नये.

जुनं काही उघडण्याआधी गाडी चाक हवेत घेऊन मोजमाप लिहा. खालच्या टीच्या तळापासून एक्सलच्या मध्यापर्यंत. हेड पाइपमधून जाणाऱ्या टीच्या दांड्याच्या मध्यापासून दोन पायांच्या मध्यरेषेपर्यंत. आणि एक्सल पायाच्या मध्यरेषेपुढे किती आहे ते. शेवटची दोन मापं मिळून खरा ऑफसेट होतो. अनेक जण फक्त टीचा मोजतात आणि बाटलीतला पुढे काढलेला एक्सल विसरतात. ऑफसेट १० मिमीने वाढला की ट्रेल ११ मिमीने घटतो. उंचीतला फरक नवे पाय टीमधून वर-खाली सरकवून काही प्रमाणात भरून निघतो.

सगळ्या कामाचा जीव आहे टीच्या दांड्यात. हेड पाइपच्या वाटीचा आतला व्यास, दोन वाट्यांमधलं अंतर आणि दोन्ही दांड्यांचे बेअरिंगखालचे व्यास व्हर्निअरने नव्हे, मायक्रोमीटरने घ्या. पहिला मार्ग बेअरिंगचा: बाहेरचा व्यास तुमच्या फ्रेमचा आणि आतला नव्या दांड्याचा, असं तयार बेअरिंग शोधायचं. ३२००६ हे टेपर बेअरिंग ३० बाय ५५ बाय १७, ३२०/२८ हे २८ बाय ५२ बाय १६, ३२००५ हे २५ बाय ४७ बाय १५. कॅटलॉग घेऊन बसलात तर बऱ्याचदा जोड मिळते, आणि वरचं आणि खालचं बेअरिंग एकाच मापाचं असायला हवं असं मुळीच नाही. दांड्याची लांबी जुळत नसेल तर दुसरा मार्ग: नव्या टीतून त्याचा दांडा प्रेसवर काढून तुमच्या मापाचा नवा दांडा ईएन२४ पोलादातून लेथवर करून घ्यायचा. तो भोकापेक्षा तीन ते पाच शतांश मिलिमीटर मोठा ठेवायचा, टी १२०-१५० अंशांपर्यंत सगळीकडून सारखा तापवायचा आणि दांडा सरळ प्रेसवर बसवायचा. साकीनाक्याला किंवा वागळे इस्टेटला हे शतांशात करून देणारे कारागीर आहेत. कुणी दांड्याला वेल्ड मारून लांबी वाढवतो म्हणाला, किंवा ॲल्युमिनियमच्या टीला टॉर्चने एका जागी तापवायला लागला, तर भाग उचला आणि घरी या. तो सांधा तुटतो तेव्हा चाकासकट हँडल हातात येतं.

जोडणी आधी स्प्रिंगशिवाय करा. जॅकने चाक पूर्ण वर दाबा आणि त्याच अवस्थेत हँडल दोन्ही टोकांना न्या. टायर मडगार्डला, मडगार्ड खालच्या टीला, चाक ऑइल कूलरच्या बाजूला कुठे लागतंय का बघा. टायर वेगात फुगतो आणि चिखल अडकतो, म्हणून १५ मिमी मोकळी जागा ठेवा. उलट्या शॉकअपच्या जाड नळ्या वळवताना टाकीला किंवा टाकीपुढच्या लोखंडी गार्डला लागतात. त्याआधी हँडल थांबवणारे स्टॉपर टेकले पाहिजेत. नव्या टीचे स्टॉपर तुमच्या फ्रेमच्या कानांना बरोबर भेटतीलच असं नाही, ते भरून घ्यावे लागतात. मग चाक पूर्ण खाली सोडून ब्रेकची नळी आणि वायरी दोन्ही टोकांना ताणल्या जात नाहीत ना बघा. मागच्या चाकापासून दोरी ताणून पुढचं चाक मधोमध आहे का तपासा.

ब्रेकच्या बाबतीत कॅलिपर आणि वरचा सिलिंडर एकाच गाडीचे ठेवा. जुन्या सिलिंडरला नवा कॅलिपर जोडला की दोघांच्या पिस्टनच्या क्षेत्रफळाचं प्रमाण बदलतं, आणि लिव्हर एक तर लाकडासारखा कडक होतो किंवा हँडलला टेकतो. स्पीडोमीटरचा सिग्नल पुढच्या चाकावरून येत असेल तर नवा सेन्सर तुमच्या मीटरला समजतो का, ते जुनं चाक विकण्याआधी बघा. ज्या वाचकांच्या गाडीला एबीएस आहे त्यांनी दातेरी रिंगचे दात मोजल्याशिवाय चाक बदलूच नये. दात वेगळे असले की एबीएसला दोन्ही चाकांचा वेग वेगळा दिसतो आणि ते नको तिथे ब्रेक सोडून देतं.

शेवटचं घट्ट करणं घाईत होतं आणि तिथेच चांगलं काम बिघडतं. उलट्या शॉकअपच्या बाहेरच्या नळीतच आतला बुश सरकतो. टीचे बोल्ट स्पॅनरला पाइप लावून आवळले की नळी अंड्यासारखी होते आणि शॉकअप अडखळायला लागतो. टॉर्क रेंच घ्या. दाता गाडीच्या मॅन्युअलात दिलेला आकडा सहसा १२ ते २० न्यूटन-मीटरमध्ये असतो. एक्सलचा नट आवळा, पण एका बाजूचे पिंच बोल्ट (पायाच्या तळाशी एक्सल चिमटीत धरणारे) सैल ठेवा. गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा जोरात दाबा, पाय आपापल्या जागी बसतील, मग ते बोल्ट आवळा. कोनसेट आधी बसण्यापुरता घट्ट करून हँडल दहा-बारा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, पूर्ण सैल करा आणि खुट्ट जाईल इतकाच पुन्हा आवळा. ५०० किलोमीटरवर तो परत तपासायचा.

पहिली चाचणी सोसायटीच्या आवारात, २० च्या वेगाने. मग रिकाम्या रस्त्यावर ४०, आणि प्रत्येक फेरीनंतर बोल्टवर मारलेली रंगाची रेघ सरकली का ते बघायचं. ८० च्या वेगाला आणि घोडबंदरच्या गायमुखसारख्या उताराला दुसरा दिवस ठेवा.

आरटीओबद्दल स्पष्टच लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. दुसऱ्या मॉडेलचं सगळं पुढचं अंग, वेगळा ब्रेक, वेगळं चाक, हे त्यात येऊ शकतं. तुमची गाडी एमएच-०३ ची असेल तर वडाळ्याच्या कार्यालयात आधी लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत आला की दावा अडतो. गॅरेजवाल्याचं ‘कोणी बघत नाही’ हे पोलिसाच्या बाबतीत खरं ठरेलही, सर्व्हेअरच्या बाबतीत नाही. मूळ शॉकअप दुरुस्त करून वजनाची स्प्रिंग घालण्यात दुसऱ्या गाडीचं अंग जोडण्याचा हा प्रश्नच येत नाही, आमचा कौल तिकडे असण्याचं हेही एक कारण आहे.

पावसाळ्याचं म्हणाल तर जुन्या शॉकअपचं काम मेअखेर सहज होईल, स्प्रिंग मात्र आत्ताच मागवा. उलट्या शॉकअपचं काम जूनच्या तोंडावर काढू नका. मोजमाप, बेअरिंग, लेथ आणि दोन-तीन वेळा जोडून-उघडून बघणं यात महिना जातो, आणि तोवर गाडी पुढच्या चाकाशिवाय उभी राहते. शिवाय उलट्या शॉकअपची चकचकीत नळी खाली, चिखलाच्या फवाऱ्यात असते आणि सील तळाशी. ते सील गेलं की ऑइल खाली वाहत थेट कॅलिपर आणि डिस्कवर उतरतं, आणि ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक लागत नाही. तुमचा गळणारा शॉकअपही डिस्कच्याच बाजूचा आहे. तेव्हा बाकी सगळं ठरेपर्यंत आज संध्याकाळी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड काढून बघा. पॅडवर ऑइलचा काळा चकचकीत डाग असेल तर ते घासून परत लावू नका, नवे घ्या.